१२३४५६७८९८७६५४३२१ : या संख्येचे गुणधर्म (गणित प्रदर्शनासाठी)

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. २२ डिसेंबरच्या राष्ट्रीय गणित दिनासाठी आमच्या नाशिकच्या शाळेत आठवी-नववीच्या मुलांचं प्रदर्शन आहे. संख्यांचे गुणधर्म शोधणारे गणितज्ञ द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षं देवळालीत शिकवत होते, म्हणजे अगदी आपल्याच गावचे. तेव्हा यंदाचा एक पूर्ण तक्ता त्यांच्या एकाच संख्येवर करायचा असं ठरलंय. त्यांची ६१७४ सगळ्यांनी पाहिलेली असते, म्हणून मी १२३४५६७८९८७६५४३२१ घेतली. सोयीसाठी तिला 'ड' म्हणू आणि १११११११११ या नऊ एकांच्या संख्येला 'ए'. ड म्हणजे ए चा वर्ग.

मला हवं आहे ते असं :

डचे पूर्ण मूळ अवयव, आणि ते मुलांना कागदावर कसे काढून दाखवायचे. दहा एकांचा वर्ग केला की नक्षी का मोडते, याचं नीट कारण. आणि कापरेकरांच्या हर्षद, स्वयंभू, कापरेकर संख्या या सगळ्या कल्पना याच एका संख्येवर लावून पाहता येतील का?

आणखी एक अडचण. एक्सेलमध्ये हा वर्ग केला की शेवटी ३२१ ऐवजी ३०० येतं. मुलं विचारणारच.

सातपूर_आयटी

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो आधी सुटला नाही तर बाकीचं पडताळताच येणार नाही.

एक्सेल फक्त १५ सार्थ अंक धरतं. ड सतरा अंकी आहे, म्हणून शेवटच्या दोन जागी शून्य येतात आणि १२३४५६७८९८७६५४३०० दिसतं. अंकांची बेरीज ८१ ऐवजी ७८ निघते आणि पुढचं सगळं चुकतं. सेल 'टेक्स्ट' करून संख्या पूर्ण दिसेल, पण मग तिच्यावर आकडेमोड करता येत नाही.

जावास्क्रिप्टमध्ये अडचण थोडी वेगळी. तिथे २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतच प्रत्येक पूर्णांक अचूक साठवता येतो. ड त्याच्या पुढे आहे. त्या पट्ट्यात फक्त सम संख्या बसतात, म्हणून ड चं १२३४५६७८९८७६५४३२० होतं. विषम संख्येची सम झाली, म्हणजे सगळे विभाजक गेले. दहा अंकी पडद्याचा शास्त्रीय कॅल्क्युलेटर १.२३४५६७८९९ गुणिले १० चा १६ वा घात असं दाखवेल. तेही पूर्णांकित करून.

उपाय : पायथन वापरा. तिथे पूर्णांकाला लांबीची मर्यादा नाही. मात्र भागाकार करताना दोन तिरप्या रेघांचा, पूर्णांक भागाकाराचा चिन्ह-जोड वापरा. एकच तिरपी रेघ दिली की उत्तर दशांशात जातं आणि पुन्हा तीच गत होते. भाग जातो का हे पाहायला टक्केचं चिन्ह वापरून बाकी काढा.

हातचा_एक

नक्षी का मोडते याचं उत्तर उभ्या गुणाकारातच आहे, आणि तक्त्यासाठी यापेक्षा चांगलं काही मिळणार नाही.

१११११११११ ला १११११११११ ने नेहमीसारखा उभा गुणाकार मांडा. नऊ ओळी येतात, प्रत्येक ओळीत नऊ एक, आणि प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. सतरा उभे रकाने तयार होतात. उजवीकडून रकान्यांच्या बेरजा १, २, ३ अशा वाढत मधल्या नवव्या रकान्यात ९ होतात आणि मग उतरतात. कुठल्याच रकान्यात बेरीज १० होत नाही, म्हणून हातचा येत नाही. रकान्याची बेरीज हाच उत्तरातला अंक.

यातून आणखी एक गोष्ट आपोआप मिळते. मांडणीत एकूण नऊ गुणिले नऊ, म्हणजे ८१ एक आहेत. हातचा नसल्यामुळे एकही एक हरवत नाही, म्हणून डच्या अंकांची बेरीज बरोबर ८१.

आता दहा एक घ्या. दहाव्या रकान्यात बेरीज १० : शून्य लिहा, हातचा १. अकराव्यात ९ अधिक १ : पुन्हा १०, पुन्हा शून्य, हातचा १. बाराव्यात ८ अधिक १, म्हणजे ९, इथे थांबलं. तेराव्यात ७, मग ६, ५ असं नेहमीसारखं. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. यात डावीकडच्या चढणीत ८ का नाही ते बघा : जिथे ८ यायचा तिथे हातचा मिळून ९ झाला.

आणि बेरीज? प्रत्येक हातचा म्हणजे एका जागचे दहा काढून शेजारी एक ठेवणं, म्हणजे अंकांच्या बेरजेत ९ ची घट. दहा एकांच्या मांडणीत १०० एक, हातचे दोन, म्हणून १०० वजा १८, म्हणजे ८२. उत्तराचे अंक मोजून पाहा, ८२ च येतात. अकरा एकांचा वर्ग १२३४५६७९०१२०९८७६५४३२१. त्यात १२१ एक आणि चार हातचे, म्हणून १२१ वजा ३६, म्हणजे ८५. मुलांना हातचे मोजायला लावा, मग अंकांची बेरीज करायला लावा. दोन्ही जुळलं की त्यांना हातचा म्हणजे काय ते पहिल्यांदा खरं कळतं.

देवळालीकर

ड सारख्या संख्यांना कापरेकर 'डेम्लो' संख्या म्हणत. हे नाव कुठून आलं ते तक्त्यावर जरूर द्या. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या रेल्वे स्टेशनचं, म्हणजे आजच्या डोंबिवलीचं, ते जुनं नाव. ही कल्पना कापरेकरांना तिथे सुचली म्हणून त्यांनी ते नाव दिलं.

आणि एक गोष्ट नीट लिहा, कारण इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी ती अर्धीच सांगतात. डेम्लो म्हणजे फक्त एकांच्या संख्यांचे वर्ग नव्हेत. मूळ व्याख्या जास्त व्यापक आहे. संख्येचे तीन तुकडे करायचे : डावा, मधला, उजवा. डावा आणि उजवा यांची बेरीज केली की एकाच अंकाची पुनरावृत्ती यावी आणि मधल्या भागातही तोच अंक असावा. १६५ मध्ये १ आणि ५ मिळून ६. २५५३ मध्ये २ आणि ३ मिळून ५, मधे ५५. ४७७७३ तसंच.

आता ड ला ही व्याख्या लावा. डावा तुकडा १२३४५६७८, मधला ९, उजवा ८७६५४३२१. डावा अधिक उजवा बरोबर ९९९९९९९९. आठही जागी नऊ! ही बेरीज मुलांकडून फळ्यावर करून घ्या.

अवांतर : या जातीच्या संख्यांचं आकर्षण आपल्याकडे फार जुनं. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी १२३४५६५४३२१ ही संख्या 'एकापासून सहापर्यंत चढत जाऊन मग क्रमाने उतरणारी' अशी सांगितली आहे. ती सहा एकांचा वर्ग.

त्र्यंबकरोड

ही संख्या वाचायची कशी? मुलं हेच आधी विचारतील.

देवळालीकर

भास्कराचार्यांच्या स्थानमालिकेत कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध. परार्ध म्हणजे १० चा १७ वा घात, त्याला अठरा अंक लागतात. ड चा सर्वांत डावा १ त्याच्या एक घर अलीकडे, 'मध्य' स्थानी पडतो. मधला ९ दहा कोटींच्या घरात, म्हणजे अर्बुदावर. तक्त्यात सतरा रकान्यांवर ही सतरा नावं एकक-दशकापासून लिहिली तर दिसायलाही छान आणि पाठही होतील.

मूळसंख्या

आता अवयव. क्रमाने करू, सगळं हाताने होण्यासारखं आहे.

१) ए ला तीन-तीनच्या गटात पाहा : १११ १११ १११. म्हणजे ए = १११ × १००१००१.

२) १११ = ३ × ३७.

३) १००१००१ च्या अंकांची बेरीज ३, म्हणून ३ ने भाग जातो : ३३३६६७.

म्हणून ए = ३² × ३७ × ३३३६६७, आणि वर्ग करून

ड = ३⁴ × ३७² × ३३३६६७².

उरला प्रश्न : ३३३६६७ मूळ आहे का? त्याचं वर्गमूळ ५७७ आणि ५७८ च्या मध्ये (५७७² = ३३२९२९, ५७८² = ३३४०८४). सरळ करायचं तर ५७७ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागेल. त्या १०६ आहेत. मुलं कंटाळतील आणि चुका करतील. त्यापेक्षा ही चाळणी लावा.

समजा 'म' ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते. मग ती १००१००१ ला भागते, ए लाही भागते, आणि १० च्या नवव्या घातातून १ वजा केल्यावर येणाऱ्या ९९९९९९९९९ लाही भागते. म्हणजे १०⁹ ला म ने भागलं तर बाकी १. पण १००० ला म ने भागून बाकी १ येऊ शकत नाही, कारण तसं असतं तर १००१००१ ला भागून बाकी १ + १ + १, म्हणजे ३ आली असती, आणि मग म म्हणजे ३ च. ३३३६६७ च्या अंकांची बेरीज २८, तिथे ३ चा प्रश्नच नाही. तेव्हा बाकी १ येणारा १० चा सर्वांत लहान घात नववाच. फर्माच्या नियमानुसार १० च्या 'म वजा १' या घाताला म ने भागून बाकी १ येतेच, म्हणून म वजा १ ला ९ ने भाग जायला हवा. म विषम, म्हणून १८ नेही.

म्हणजे १८ ने भागून १ उरणाऱ्या मूळ संख्याच तपासायच्या. ५७७ पर्यंत अशा सतराच आहेत. भागून येणाऱ्या बाक्या अशा :

१९ → ८, ३७ → १, ७३ → ५७, १०९ → १८, १२७ → ३८, १६३ → ६, १८१ → ८४, १९९ → १४३, २७१ → ६६, ३०७ → २६५, ३७९ → १४७, ३९७ → १८७, ४३३ → २५७, ४८७ → ७२, ५२३ → ५१६, ५४१ → ४११, ५७७ → १६१.

एकही शून्य नाही. ३३३६६७ मूळ संख्या.

विभाजकांची संख्या : घातांकांत १ मिळवून गुणाकार, ५ × ३ × ३ = ४५. वर्गसंख्येला विभाजक विषमच असतात, तेही इथे दिसतं. सगळ्या ४५ विभाजकांची बेरीज १२१ × १४०७ × १११३३४०००५५७, म्हणजे १८९५४२७९५९२८२७५७९. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येच्या बरोबर दुप्पट असते. इथे ती डच्या दुपटीपेक्षा बरीच कमी, म्हणून ड परिपूर्ण संख्येच्या आसपासही नाही.

पाटीपेन्सिल

यादीतून ३७ काढता येईल. ९९९ ला ३७ ने भाग जातो, म्हणून १००० ला भागून बाकी १ च येते, आणि वरच्याच युक्तिवादाने तो बाद. सोळा भागाकार उरतात. आठवीच्या वर्गात सोळा मुलांना एकेक वाटून द्या, एका तासिकेत होतं.

३३३६६७ चा वर्गही देखणा आहे : १११३३३६६६८८९. कारण १००१००१ चा वर्ग १००२००३००२००१, आणि त्याला ९ ने भागायचं. तक्त्यावर जागा असेल तर घ्या.

शिवाय ३७ ची कसोटी पुस्तकात नसते, ती इथे छान बसते. उजवीकडून तीन-तीनचे गट करून बेरीज करा : ३२१ + ६५४ + ९८७ + ६७८ + ३४५ + १२ = २९९७. ही ९९९ ची बरोबर तिप्पट. म्हणून ड ला ९९९ ने, म्हणजेच २७ नेही आणि ३७ नेही भाग जातो.

याच गटांची एकाआड एक वजाबाकी केली की ७, ११ आणि १३ या तिघांची कसोटी एकदम होते : ३२१ − ६५४ + ९८७ − ६७८ + ३४५ − १२ = ३०९. त्याला ७ ने भागून बाकी १, ११ ने १, १३ ने १०. तिघांनीही भाग जात नाही.

त्र्यंबकरोड

मग हर्षद, म्हणजे जिला तिच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो ती संख्या. अंकांची बेरीज ८१, म्हणून ८१ ने भाग जातो, म्हणून हर्षद. झालं ना?

मूळसंख्या

नाही. निष्कर्ष बरोबर आहे, कारण चुकीचं. तक्त्यावर असं लिहिलंत तर परीक्षक पहिला त्यावरच बोट ठेवतील.

अंकांच्या बेरजेची कसोटी ३ आणि ९ पुरतीच. ८१ साठी ती चालत नाही. उदाहरण शोधायला लांब जायला नको : डचे शेवटचे दोन अंक अदलाबदल करा. १२३४५६७८९८७६५४३१२. अंक तेच, बेरीज ८१ च. पण ही संख्या ड पेक्षा ९ ने लहान. ड ला ८१ ने भाग जातो, तर ड वजा ९ ला कसा जाईल?

खरं कारण असं : ए च्या अंकांची बेरीज ९, म्हणून ए ला ९ ने भाग जातो. म्हणून ए च्या वर्गाला ८१ ने. भागाकार १२३४५६७९ चा वर्ग, म्हणजे १५२४१५७८९९७१०४१.

हातचा_एक

यापुढे एक पाऊल टाकता येतं आणि मला तेच सर्वांत आवडतं.

एक ते नऊ एकांपर्यंत हातचा नाही, म्हणून 'क' एकांच्या वर्गाच्या अंकांची बेरीज क². ती वर्गसंख्या हर्षद कधी? तिला क² ने भाग गेला तर. म्हणजे क एकांच्या संख्येलाच क ने भाग जायला हवा. आता एकेक पाहा : १ ला १ ने जातो. ११ ला २ ने नाही. १११ ला ३ ने जातो. ११११ ला ४ ने नाही, ११११११ ला ६ ने नाही, ११११११११ ला ८ ने नाही, कारण या सगळ्या विषम. पाच एकांना ५ ने नाही, शेवटी १ आहे. सात एकांना ७ ने भागलं तर बाकी १. नऊ एकांना ९ ने जातो.

म्हणून या नऊ संख्यांत फक्त १, १२३२१ आणि ड या तीनच हर्षद. १२३२१ ला ९ ने भागून १३६९, म्हणजे ३७ चा वर्ग. 'सगळ्या डेम्लो संख्या हर्षद असतात' असं कुठे लिहिलेलं दिसलं तर १२१ दाखवा : बेरीज ४, आणि संख्या विषम.

१२३४५६७९ चं पण सांगतो. अंकांची बेरीज ३७, आणि तिला ३७ ने भाग जातो, ३३३६६७ वेळा. म्हणून तीही हर्षद! तिच्यात ८ का नाही हे भागाकार मांडला की दिसतं. १११११११११ भागिले ९ : ११ मधून ९ गेले, भाग १, बाकी २. २१ ला भाग २, बाकी ३. ३१ ला भाग ३, बाकी ४. असं करत ७१ ला भाग ७, बाकी ८. आता शेवटचा १ उतरवला की ८१, आणि त्याला भाग ८ नव्हे, पूर्ण ९ जातो, बाकी शून्य. बाकी दर पायरीला एकाने वाढत ८ पर्यंत आली आणि ८१ ला हिशेब चुकता झाला.

गोदाकाठ

हे सगळं फारच उपयोगी आहे. चुकीच्या कारणाचं उदाहरण मी तक्त्यावर 'सावधान' अशा चौकटीत घेतो. आता ए ही कापरेकर संख्या आहे का, ते सांगा. वर्गाचे दोन तुकडे करून बेरीज केली तर मूळ संख्या यायला हवी ना?

पाटीपेन्सिल

हो. जसं २९७² = ८८२०९, आणि ८८ + २०९ = २९७. किंवा ७०३² = ४९४२०९, आणि ४९४ + २०९ = ७०३.

ए नऊ अंकी, म्हणून तिच्या वर्गाचे, म्हणजे डचे, उजवीकडून नऊ अंक तोडा : १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१. बेरीज ९९९९९९९९९. ए यायला हवी होती, आली ए ची नऊपट. म्हणून ए कापरेकर संख्या नाही. पण जी बेरीज आली ती ९९९९९९९९९ स्वतः कापरेकर संख्या आहे : तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, तुकडे ९९९९९९९९८ आणि १.

तो वर्ग म्हणजे ८१ × ड. म्हणजे ड ला तिच्याच अंकांच्या बेरजेने गुणलं की ९९९९९९९९८००००००००१ येतं. मुलांना दोन पायऱ्यांत करायला द्या : ड ची ऐंशीपट ९८७६५४३१९०१२३४५६८०, त्यात ड मिळवा.

मूळसंख्या

वर काढलेले अवयव इथे परत कामाला येतात. नऊ अंकांवर तोडून कापरेकर ठरणाऱ्या सगळ्या संख्या त्यातून काढता येतात.

समजा संख्या 'स', वर्गाचा डावा तुकडा 'त', उजवा 'थ'. स² = त × १०⁹ + थ, आणि स = त + थ. वजाबाकी केली की स² − स = त × ९९९९९९९९९. म्हणजे स आणि स वजा १ यांच्या गुणाकाराला ९९९९९९९९९ ने भाग जायला हवा. आणि ९९९९९९९९९ = ८१ × ३७ × ३३३६६७.

शेजारच्या दोन संख्यांना सामाईक अवयव नसतो. म्हणून ८१ पूर्णच्या पूर्ण एकीकडे : स मध्ये किंवा स वजा १ मध्ये. ३७ तसंच, ३३३६६७ तसंच. दोन पर्याय तीनदा, एकूण आठ शक्यता. त्यातली एक म्हणजे स = १, ती सोडा. उरतात सात :

२३४५६७९०१ आणि ७६५४३२०९९
३३२९९९६६७ आणि ६६७०००३३३
४३२४३२४३२ आणि ५६७५६७५६८
आणि एकटी ९९९९९९९९९.

प्रत्येक जोडीची बेरीज १०० कोटी. एक उदाहरण पूर्ण करतो. ३७ आणि ३३३६६७ स मध्ये ठेवायचे, ८१ स वजा १ मध्ये. मग स ही १२३४५६७९ ची पट हवी आणि ८१ ने भागून बाकी १ हवी. १२३४५६७९ ला ८१ ने भागून बाकी ६४. ६४ ची कितवी पट ८१ ने भागून १ उरवते? एकोणिसावी : ६४ × १९ = १२१६ = ८१ × १५ + १. म्हणून स = १९ × १२३४५६७९ = २३४५६७९०१.

पडताळा : वर्ग ५५०२२१००१७९५४५८०१. तुकडे ५५०२२१०० आणि १७९५४५८०१. बेरीज २३४५६७९०१. जोडीदाराचा वर्ग ५८५८८६२९८१७९५४५८०१. उजवा तुकडा दोघांचा एकच! २९७ आणि ७०३ मध्ये २०९ सामाईक होतं, तेच इथे नऊ अंकांत.

इथे मुलं हमखास चुकतात ती जागा : तुकडे उजवीकडून नऊ अंक मोजून करायचे. ५५०२२१००१७९५४५८०१ सतरा अंकी आहे. डावीकडून नऊ मोजलेत तर डाव्या तुकड्यात एक अंक जास्त जातो आणि बेरीज जुळत नाही.

सातपूर_आयटी

सातही पायथनवर तपासल्या, सगळ्या बरोबर. ४३२४३२४३२ चा वर्ग १८६९९७८०८२४५४३४६२४. तक्त्यासाठी हीच घ्या, लक्षात राहायला सोपी.

देवळालीकर

स्वयंभू राहिलं. कापरेकरांची कल्पना अशी : एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या 'जन्मते'. जिला असा जनक नाही ती स्वयंभू. २१ स्वयंभू नाही, कारण १५ + १ + ५ = २१. २० स्वयंभू आहे.

ड ला जनक आहे का? सतरा अंकांत शोधायचं म्हणजे धास्ती वाटते, पण काम छोटं आहे. कुठलीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना ९ ने भागून एकच बाकी येते. म्हणून जनकाच्या दुपटीला ९ ने भाग जायला हवा, म्हणजे जनकालाच. मग त्याच्या अंकांची बेरीज ९ च्या पटीत, आणि सतरा अंकांत जास्तीत जास्त १५३. ड मधून १५३ पर्यंत काहीही वजा केलं तरी शेवटचे तीनच अंक बदलतात. पुढचे चौदा, १२३४५६७८९८७६५४, तसेच राहतात, त्यांची बेरीज ७५.

आता ७५ मध्ये तीन अंकांची बेरीज मिळवून ९ ची पट हवी : ८१, ९० किंवा ९९. ८१ घ्या : ३२१ − ८१ = २४०, अंकांची बेरीज ६, ७५ + ६ = ८१. जमलं. ९० घ्या : २३१, बेरीज ६, लागतात १५. नाही. ९९ घ्या : २२२, बेरीज ६, लागतात २४. नाही.

तेव्हा ड ला एकच जनक : १२३४५६७८९८७६५४२४०. ड स्वयंभू नाही. आणि पुढची पिढी ड + ८१, शेवट ४०२, बेरीज पुन्हा ८१. लागोपाठ तीन पिढ्यांना ८१ च मिळवायचे. त्यानंतर ४८३, तिथे बेरीज ९० होते.

त्र्यंबकरोड

६१७४ ची क्रिया यावर चालेल का? अंक उतरत्या क्रमाने मांडून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची ती?

पाटीपेन्सिल

पूर्ण सतरा अंकांवर ती करण्यात फारसं हाती लागत नाही. पण ड चे पहिले नऊ अंक १२३४५६७८९ आणि शेवटचे नऊ ९८७६५४३२१, मधला ९ दोघांत सामाईक. त्यांची वजाबाकी करा : ८६४१९७५३२. यात १ ते ९ सगळे अंक एकेकदा आहेत! म्हणून ते उतरत्या क्रमाने मांडले की पुन्हा ९८७६५४३२१, चढत्या क्रमाने १२३४५६७८९, आणि वजाबाकी पुन्हा ८६४१९७५३२. चार अंकांत ६१७४ जे करते, तेच नऊ अंकांत ही करते. नऊ अंकांत अशी आणखी एक आहे, ५५४९९९४४५, तिथे ती क्रिया मुलांकडून करून घ्या.

गोदाकाठ

आता मांडणी. पूर्ण कार्डशीट २२ × २८ इंच, म्हणजे साधारण ५६ × ७१ सेंमी. उभा गुणाकार त्यावर बसेल का?

हातचा_एक

बसेल. शीट आडवी धरा. सतरा रकाने, प्रत्येकी ४ सेंमी, म्हणजे ६८ सेंमी. नऊ ओळी आणि खाली बेरजेची एक, दहा गुणिले ४, म्हणजे ४० सेंमी. वर स्थानांची नावं लिहायला जागा उरते, पण 'महापद्म' चार सेंमीत आडवं मावत नाही, नावं उभी लिहा. चौकटी आधी पेन्सिलने आखा आणि ओळी उजवीकडून भरा. डावीकडून भरायला घेतलं की मुलं सरकवायचं घर विसरतात आणि शेवटची ओळ बाहेर जाते.

त्याच्या शेजारी दहा एकांची दुसरी शीट लावा. तिला एकोणीस रकाने लागतात, म्हणून घर साडेतीन सेंमीचं घ्या, साडेसहासष्ट सेंमी होतात. हातचे लाल पेनाने लिहा, दोनच आहेत. दोन्ही शीट जवळ ठेवल्या की बघणाऱ्याला नक्षी कुठल्या घरात मोडली ते न सांगता दिसतं.

त्र्यंबकरोड

मुलांना घरी करायला काही छोटं?

मूळसंख्या

नाशिकचा पिनकोड द्या. ४२२००१, अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भाग जातो, म्हणून हर्षद. इथे कारण बरोबर आहे, कारण बेरीज ९ आहे, ८१ नव्हे. भागाकार ४६८८९, आणि ती मूळ संख्या आहे. तपासायला २१६ पर्यंतच्या मूळ संख्या लागतील. जनक शोधायला सांगा : ४२१९७४, अंकांची बेरीज २७. देवळालीचा ४२२४०१ मात्र हर्षद नाही, बेरीज १३ आणि भागून बाकी ५. ज्याने त्याने आपापल्या घरचा पिनकोड तपासून आणावा.